लाँड्रीतलं सायबर पोलीस ठाणं

जुना आहे मी, आणि राउटर आहे. दोन्हीत लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या घरातही माझा एखादा भाऊ टीव्हीच्या मागे धूळ खात, दिवे मिचकावत पडला असेल. नेट चालू असेपर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. नेट गेलं की मात्र सगळं घर त्याच्यासमोर गोळा होतं आणि जो तो त्याच्या टाळक्यात एक टपली मारून जातो. मित्रांनो, टपलीनं नेट येत नाही. पण मारणाऱ्याला बरं वाटतं, म्हणून आम्ही खातो बापडे.

मी मात्र टीव्हीमागे जन्म काढलेला नाही. मी लाँड्रीत नोकरी केलीय, पोलीस ठाण्यात मुक्काम केलाय आणि कोर्टात न्यायाधीशांच्या पुढ्यात टेबलावर ऐटीत बसलोय. तुमच्या त्या भारीतल्या मोबाईलला विचारा, आहे का एवढा अनुभव?

कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका ताईनं माझ्या पाठीला काड्या, म्हणजे अँटेना, बसवल्या, दिवे लागतात का ते बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "अगं हा बघ, डोळा मारतोय!" खरंच मारत होतो. माझा मधला दिवा पहिल्यापासून जरा आगाऊ आहे. मग खोक्यात गेलो, गोदामात पडून राहिलो आणि शेवटी केबलवाल्याच्या पिशवीतून एका लाँड्रीत जाऊन पोचलो.

लाँड्री मामाची. मामा म्हणजे कोणा एकाचा नव्हे, सगळ्या गल्लीचा मामा. टक्कल चकचकीत, पोट काउंटरला टेकलेलं आणि डोळ्यांत सदानकदा काहीतरी शिजत असलेलं. काउंटरसमोर गिऱ्हाइकांना बसायला लांब बाक, बाकाच्या बाजूला गोल तोंडाची धुण्याची मशीनं, मागे मामीचं इस्त्रीचं टेबल. केबलवाल्यानं मला कपाटावर बसवलं, स्टार्चचा डबा आणि तुटक्या बटणांची बरणी यांच्या मधोमध. खाली मामाची खुर्ची. म्हणजे मामाचं टक्कल आणि मामाचा फोन, दोन्ही मला वरून सरळ दिसायचे.

मशीन फिरत असेपर्यंत गिऱ्हाइकं बाकावर बसायची आणि माझ्यावर जगायची. टॅक्सीवाला सिनेमे बघायचा. दवाखान्यातली सिस्टर लांब राहणाऱ्या आईशी बोलायची. काळे कोट धुवायला आणणारी वकीलबाई डोळे मिटून गाणी ऐकायची. "मामा, तुमच्या मशीनपेक्षा नेट भारी चालतं हो," असं कोणी म्हटलं की माझे दिवे लकाकायचे. मामीनं एकदा फडका मारताना माझी एक काडी मोडली आणि कपड्यांचा चिमटा लावून ती पुन्हा उभी केली. त्या चिमट्यासकट मी रुबाबात उभा असायचो. त्यानंतर मला कधी कोणी पुसलं नाही, ही गोष्ट वेगळी. इस्त्रीची वाफ आणि धूळ मिळून माझ्या अंगावर गोधडी झाली होती.

आता मामाच्या खोड्या. हा माणूस सरळ वागला तर त्याला ताप येत असावा. कॅप्टनना तर त्यानं नको करून सोडलं होतं. कॅप्टन म्हणजे पूर्वी बोटीवर कप्तान असलेले, एकटे राहणारे एक म्हातारे गृहस्थ. पांढराशुभ्र शर्ट, पांढरीशुभ्र पॅन्ट आणि कपाळावर कायमची आठी. मामानं एकदा त्यांच्या शर्टाच्या बाहीचं तोंड एका कच्च्या टाक्यानं शिवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कॅप्टन एक हात शर्टात अडकलेल्या अवस्थेत लाँड्रीत हजर.

"हा शर्ट आहे की पिशवी?"

"कॅप्टन, बाहेर गार वारा सुटलाय. राहू द्या की हात आत," मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

"मूर्ख माणूस!" असं म्हणून कॅप्टन निघाले आणि टाका उसवायला पुन्हा त्याच पावली परत आले, कारण दुसरं कोण उसवणार?

माझ्यावरही मामानं एक खोडी केली. समोरचा फोटो स्टुडिओवाला दिवसभर माझं नेट फुकट ओढायचा. एक रुमालही कधी धुवायला टाकला नाही पठ्ठ्यानं. मामानं त्याला तोंडावर काही म्हटलं नाही. त्यानं फक्त माझं नाव बदललं. तुम्ही फोनवर वायफाय शोधता तेव्हा नावं दिसतात ना? तिथे माझं नाव दिसायला लागलं, 'सायबर पोलीस ठाणे'.

स्टुडिओवाल्यानं सकाळी फोन उघडला, नाव वाचलं आणि शटर ओढून जो घरी पळाला, तो संध्याकाळपर्यंत फिरकला नाही. मामा काउंटरखाली बसून इतका हसला की मामीला पाणी आणावं लागलं. पुढे सगळ्यांना कळलं, सगळे हसले, स्टुडिओवालाही हसला. पण नाव तेच राहिलं. नवीन माणूस बाकावर बसला की गिऱ्हाइकंच त्याला सांगायची, "ठाण्याला जोडून घ्या, पासवर्ड भिंतीवर आहे."

एका बाबतीत मात्र मामा कधीच खोडी करायचा नाही. ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

डाग कशाचा आहे हे कळल्याशिवाय कपडा धुता येत नाही. चहाला एक औषध, वंगणाला दुसरं, शाईला तिसरं. रक्ताच्या डागावर गरम पाणी ओतलं तर तो कायमचा बसतो. म्हणून धुणाऱ्याला खरं सांगावंच लागतं. पण बाकावर एवढी माणसं कान टवकारून बसलेली, त्यांच्यासमोर खरं कोण सांगणार? मग मामानं पद्धत पाडली. डागाचा फोटो काढायचा, कशाचा डाग ते खाली खरंखरं लिहायचं आणि मामाच्या फोनवर पाठवायचं. मग कपडा गुपचूप काउंटरवर ठेवून निघून जायचं. मामा एक शब्द विचारणार नाही.

मित्रांनो, त्या फोनमध्ये काय काय यायचं ते मी वरून बघितलंय. कोणाच्या नाकातून रक्त आलं आणि ते कोणाच्या हातानं आलं. कोणी सोडलेली दारू पुन्हा कधी धरली. कोणाची आई आता अंथरुणातच सगळं करते. अख्खी गल्ली त्या फोनमध्ये होती, आणि गल्लीतला सगळ्यात मोठा टवाळखोर त्या फोनवर बसून होता. पण तिथलं एक अक्षर त्यानं कधी बाहेर काढलं नाही. मामीलासुद्धा दाखवायचा नाही.

तर एकदा लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक पाहुणा भाड्यानं राहायला आला. गोड बोलणारा, केस चापूनचोपून बसवलेला. भिंतीवरचा पासवर्ड त्यानं बघून घेतला. मग त्यानं पोलिसांचा एक गणवेश धुवायला आणला. "नाटकात काम करतो हो," म्हणाला. कॉलरवर तोंडाला लावायचा रंग लागला होता, त्याचाही फोटो रीतसर मामाला पाठवला. मामीनं त्या गणवेशाला कडक इस्त्री केली. एकदा तो घेऊन गेला, दोन दिवसांनी पुन्हा धुवायला टाकला आणि मग जो गेला तो आलाच नाही. खोलीही रिकामी. गणवेश आमच्या दांडीवर लटकत राहिला.

त्याच सुमारास मामाच्या फोनवर एका डागाचा फोटो आला. मामानं तो बघितला. त्याचं हसू पुसल्यासारखं गेलं. आलेला कपडा त्यानं स्वतः धुतला, स्वतः इस्त्री केला आणि स्वतः त्या घरी पोचवून आला. कोणाचा कपडा, कसला डाग, ते मी सांगणार नाही.

मग एका सकाळी लाँड्रीसमोर पोलिसांची गाडी उभी राहिली. गाडीतून इन्स्पेक्टर मॅडम उतरल्या, मागून मिशाळ हवालदार आणि त्यांच्या मागून कॅप्टन.

झालं होतं ते असं. कॅप्टनना एका माणसाचा व्हिडिओ कॉल आला होता. अंगावर पोलिसांचा गणवेश. "मी सायबर पोलीस ठाण्यातून बोलतोय. तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला फोनवरच अटक केलीय. कॅमेऱ्यासमोरून हललात तर घरी येऊन बेड्या घालू." कॅप्टन दिवसभर खुर्चीत बसून राहिले आणि त्या भामट्यानं त्यांची सगळी शिल्लक काढून घेतली. मॅडमनी माग काढला. तो कॉल ज्या नेटवरून आला, ते नेट होतं मामाच्या नावावर.

हवालदारानं खिशातून फोन काढला आणि वायफाय बघितलं. "मॅडम! हे बघा! सायबर पोलीस ठाणे!"

मग त्याची नजर दांडीवरच्या गणवेशाकडे गेली. कडक इस्त्रीचा, नुसता चमकत होता.

मी मामाला आयुष्यात पहिल्यांदाच बोलायला अडखळताना बघितलं. "मॅडम, ती... ती गंमत आहे."

"कोणती? नाव की गणवेश?"

"नाव माझी गंमत. गणवेश वरच्या पाहुण्याचा."

"पाहुणा कुठाय?"

"गेला."

"वा!" मॅडम म्हणाल्या.

कॅप्टननी मामाकडे बोट रोखलं. "बोलणारा दुसरा होता, पण सामान सगळं याचं आहे. माझी टर उडवायची सवयच आहे या माणसाला. त्याचा साथीदार आहे हा!"

"पुरावा ताब्यात घ्या," मॅडम बोलायचा अवकाश, हवालदारानं माझी वायर खसकन ओढली. आता आमची जात अशी, की वीज गेली की बघितलेलं-ऐकलेलं राहतं, पण जोडणीच्या ताज्या नोंदी सगळ्या पुसल्या जातात. कोणाचा फोन कधी जोडला, वरचा पाहुणा किती वाजता माझ्या नेटवर बसला होता, सगळं तेवढ्यात साफ. गाडीत बसल्यावर कोणीतरी हे मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी हवालदाराकडे असं बघितलं की त्याच्या मिशा खाली आल्या.

मला पारदर्शक पिशवीत घालून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मामा समोरच्या कोठडीत. त्याचा फोन माझ्या शेजारी दुसऱ्या पिशवीत, आणि त्याला कुलूप. माझ्या नोंदी पुसलेल्या, त्यामुळे आता सगळी भिस्त त्या फोनवर.

"फोन उघड," मॅडम म्हणाल्या. "पाहुणा खरा असेल तर त्याचा नंबर यात असेल."

"आहे ना! त्यानं डागाचा फोटो पाठवला होता. द्या इकडे, तुमच्यासमोर उघडतो, तेवढं घ्या आणि पकडा त्याला."

"तेवढं नाही. सगळा फोन आमच्या मशीनवर उतरवून घेणार. तसंच करतो आम्ही."

"सगळा?"

"सगळा. मग ठरवू तू साथीदार आहेस की नाहीस. स्वच्छ असशील तर जेवायच्या आधी घरी."

मामानं टकलावरून हात फिरवला. म्हणाला, "मग राहतो इथेच. जेवणात काय असतं?"

बघा, खोडी गेली नव्हती. पण आवाज वेगळा होता. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अर्धी लाँड्री पोलीस ठाण्यात आली. मामी डबा घेऊन, टॅक्सीवाला, सिस्टर, स्टुडिओवाला, वकीलबाई. कॅप्टनही जबाबावर सही करायला आले होते. मग काय, मॅडमच्या खोलीत बाजार भरला.

"मामा, उघड की तो फोन," टॅक्सीवाला म्हणाला. "माझ्या शर्टावरचं वंगण बघून यांना काय मिळणार?"

"तुझ्या शर्टावर वंगण आहे म्हणून तुला सोपं आहे," सिस्टर पटकन म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. कोणी तिला काही विचारलं नाही.

स्टुडिओवाला म्हणाला, "पण भामटे पकडायला नकोत का? उद्या माझ्या आईला असाच फोन आला म्हणजे?"

"ज्याच्या मनात पाप नाही त्यानं फोन उघडावा!" कॅप्टननी टेबलावर मूठ आपटली. मी पिशवीत उडालो.

मॅडम शांत होत्या. आपल्याला वाटतं तशा त्या दुष्ट नव्हत्या हं. "या खुर्चीत रोज कोणीतरी रडत बसतं," त्या म्हणाल्या. "काल एक बाई आली होती, मुलीच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे गेले तिचे. तिला मी काय सांगू? चोराचा माग फोनमध्ये होता, पण फोन बघायला मला संकोच वाटला?"

बरोबरच होतं ना त्यांचं.

गजांमागून मामा म्हणाला, "मॅडम, माझं घर उघडा, कपाटं उघडा, मामीच्या लोणच्याच्या बरणीचीसुद्धा झडती घ्या. मी हूं की चूं करणार नाही. पण हा फोन माझा असला तरी आतलं माझं नाही. लोकांनी माझ्याकडे ठेवायला दिलंय. चोराचं तेवढं घ्या, मी हातानं काढून देतो. बाकीच्यांनी काय केलंय?"

"आणि बाकीच्यांतच चोर असला तर?"

"मग कोण ते सांगा आणि त्याचं नाव घालून हुकूम आणा. सगळी गल्ली चाळणीत कशाला घालता?"

मामीचा धीर सुटला. गजांना धरून ती म्हणाली, "अहो, पुरे झाला हट्ट. उघडा आणि घरी चला. दुकान बंद आहे, मशीनमध्ये कपडे तसेच पडलेत. माझ्यासाठी तरी!"

मामा तिच्याशी अगदी हळू बोलला, पण माझ्या पिशवीपर्यंत आलं. "तुझी धाकटी बहीण आपल्याकडे राहून गेली होती ना? तिनंही मला एक फोटो पाठवला होता. तुला मी कधी बोललो?"

मामीनं पदर डोळ्याला लावला, डबा आत सरकवला आणि म्हणाली, "भाजी जरा तिखट झालीय. गुपचूप खा." त्यानंतर तिनं फोन उघडायचं नाव काढलं नाही.

वकीलबाई बॅग आवळत म्हणाली, "मामा, आता कोर्टात तोंड उघडायचं नाही. विनोद तर अजिबात नाही. मी बोलणार."

"बरं. पण तुमच्या कोटाचं अस्तर उसवलंय, तेवढं सांगतो."

कोर्टात मला टेबलावर ठेवलं. चिमट्यासकट. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "याला हे काय लावलंय?"

"कपड्यांचा चिमटा, बाईसाहेब," मामा म्हणालाच. वकीलबाईनं कोपरानं ढोसलं.

सरकारी वकील उठले. नेट आरोपीचं, नाव पोलीस ठाण्याचं, गणवेश दुकानात, आणि हा म्हणे फोन दाखवत नाही! लपवण्यासारखं असल्याशिवाय कोणी कोठडीत बसतं का?

मग आमची वकीलबाई उठली. "लपवण्यासारखं आहे, बाईसाहेब," ती म्हणाली आणि कोर्ट चमकलं. "पण माझ्या अशिलाचं नाही. त्याच्या गिऱ्हाइकांचं आहे. लोक त्याला डागाचा फोटो पाठवतात आणि कशाचा ते खरं लिहितात. फोन पूर्ण उतरवला की ते सगळं या खटल्याच्या कागदांत येईल. इथे बसलेला कोणीही वाचेल. माझा अशील चोराचा नंबर द्यायला पहिल्या मिनिटापासून तयार आहे. बाकीच्या एकाही माणसाचं नाव त्यानं मलाही सांगितलेलं नाही. यांच्यापैकी कोणासाठी तो आत बसलाय, ते मला माहीत नाही."

कॅप्टन पुढच्या बाकावर होते. त्यांची मान आधी ताठ होती. 'कोणीही वाचेल' ऐकलं तेव्हा ती हलली. त्यांनी मामाकडे बघितलं. मामा छताच्या पंख्याकडे बघत होता, जणू पंख्याइतकी महत्त्वाची गोष्ट जगात नाही.

कॅप्टन उठले.

"मला बोलायचंय."

"तुमचा जबाब झालाय," सरकारी वकील म्हणाले.

"त्यात एक गोष्ट मी सांगितली नव्हती." कॅप्टननी बाकाची कड घट्ट धरली. "त्या भामट्यानं मला दिवसभर खुर्चीतून हलू दिलं नाही. लघवीलासुद्धा. मी विनवण्या केल्या. तो हसला. मी बोटी वादळातून काढल्यात, बाईसाहेब, पण त्या दिवशी मी खुर्चीतच..." ते थांबले. "पांढरी पॅन्ट होती. त्याचा फोटो या फोनमध्ये आहे. खाली मी खरं लिहिलंय. हा इसम माझ्या बाह्या शिवतो, माझी टर उडवतो, त्यामुळे मला वाटलं, दोघं मिळून हसले असतील माझ्यावर. पण यानं पॅन्ट धुऊन घरी आणून दिली आणि मला म्हणाला, 'कॅप्टन, चहा सांडला की लगेच आणत जा.' दारात शेजारी उभे होते, म्हणून चहा."

मामा अजून पंख्याकडेच बघत होता. त्याचं टक्कल लाल झालं होतं.

"फोन उघडा असं मीच ओरडत होतो. आता माझं मी सांगून टाकलंय, माझ्यासाठी तो उघडायची गरज नाही. पण दुसऱ्यांचं सांगायचा हक्क मला नाही, यांना नाही, तुमच्या मशीनला तर नाहीच. त्या भामट्यानं मला माझ्याच खोलीत उघडं केलं. तेच काम कायद्यानं करू नये. एवढंच."

आणि ते बसले. धाडकन नाही, सावकाश, पॅन्टची घडी सांभाळत.

म्हणून मी आता ही गोष्ट तुम्हाला सांगू शकतो. ती त्यांनी स्वतः सांगितली. बाकीच्या मी सांगणार नाही.

न्यायाधीशबाईंनी फोन मागवला. मामानं त्यांच्यासमोर उघडला, पाहुण्याचा नंबर आणि त्याचा रंगाचा फोटो तेवढा काढून दिला, आणि फोन पाकिटात घालून लाखेनं बंद झाला. मामाला जामीन मिळाला. त्या नंबरावरून मॅडमनी चार दिवसांत पैसे काढणारी जोडगोळी उचलली. पाहुणा अजून सापडलेला नाही. कॅप्टनची शिल्लकही पूर्ण परत आलेली नाही. गोष्टीत येते तशी ती खऱ्यात येत नाही, मित्रांनो.

आणि पूर्ण फोन उतरवायचा की नाही, हेही अजून ठरलेलं नाही. मामावरचा आरोप अजून उभा आहे. पोलिसांचं म्हणणं, बघू द्या. मामाचं म्हणणं, चोराचं दिलं, बाकीचं नाही. दर तारखेला तो कडक शर्ट घालून येतो, मामी येते, सिस्टर सुट्टी टाकून येते. कॅप्टन सगळ्यांच्या आधी येऊन जागा धरतात. न्यायाधीशबाईंनी काहीही ठरवलं तरी मामा वरच्या कोर्टात जाणार आहे. तसं त्यानं वकीलबाईला सांगून टाकलंय, आणि तिचं अस्तरही शिवून दिलंय.

मी सध्या ठाण्याच्या मागच्या खोलीत, फळीवर असतो. आजूबाजूला जप्त केलेले फोन, लॅपटॉप, एक शिलाई मशीन. ते कशात सापडलं देव जाणे. परवा दुपारी हवालदार आत आला. मागून मॅडम फाईल शोधायला आल्या. हवालदारानं मामाच्या फोनचं पाकीट उचललं आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "मॅडम, माझा एक ओळखीचा आहे. असले फोन चुटकीसरशी उघडतो. आपण नुसतं बघू, परत चिकटवू. कोणाला कळणारसुद्धा नाही."

मॅडम फाईल चाळत राहिल्या. मला वाटलं, झालं. त्यांनाच तर तो फोन सगळ्यात जास्त हवा होता.

"मला कळेल ना," त्या म्हणाल्या. "ठेव खाली."

हवालदारानं पाकीट ठेवलं. मॅडमनी ते आणखी आत सरकवलं, माझ्या पाठीशी.

तर मित्रांनो, मी म्हातारा झालोय, आता मला कोणी परत कामावर घेईल असं वाटत नाही. पण जाता जाता माझं ऐका. फोनवरून कोणालाही अटक होत नसते. कोणी तसं म्हणालं तर फोन ठेवा, उठा, आधी मोरीत जाऊन या आणि मग शेजाऱ्याला हाक मारा. माझ्या भावांना अधूनमधून पुसत जा आणि त्यांचा पासवर्ड भिंतीवर लिहू नका. चोर पकडायला पोलिसांना मदत करा, मनापासून करा. पण कोणी तुमच्याकडे विश्वासानं काही ठेवलं असेल, तर ते मागणाऱ्याला विचारा, कोणाचं हवंय, कशासाठी हवंय, हुकूम कुठाय. तो रागावेल, रागावू द्या.

फोनचं पाकीट माझ्या पाठीला टेकलेलं आहे. उद्या कोणी त्याला हात लावलाच, तर ओरडायला मला तोंड नाही. तुम्हाला आहे.